कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

आमचे काका गिरगावात राहतात आणि घरूनच लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देतात. सकाळी उठलं की कॉम्प्युटरचं बटण दाबायचं, मग आंघोळ, देवपूजा, चहा, असा त्यांचा क्रम ठरून गेला होता. चहाचा कप घेऊन खुर्चीत बसले तरी एखादी फाइल उघडायला आणखी दोन मिनिटं जायची. जुलैचा महिना, दाराशी माणसं ताटकळलेली. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यानं बघताक्षणी निकाल दिला होता, "फॉरमॅट मारावा लागेल." काकांनी मला फोन केला, "अरे, फॉरमॅट मारला तर माझी गेल्या वर्षांची कामं राहतील ना?"

त्या प्रश्नातच सगळं आलं. मुंबईत हळू कॉम्प्युटरवर ठरलेलं औषध म्हणजे फॉरमॅट, डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकणं. तो मारला की महिनाभर बरं वाटतं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. वेळ नेमका कुठे जातोय हे कुणी मोजतच नाही, त्यामुळे दुखणं एकीकडे आणि औषध भलतीकडे. खाली जे लिहिलंय ते मी काकांच्या कॉम्प्युटरवर, त्याच क्रमानं केलं. विंडोज १० आणि ११ दोन्हींना ते लागू पडतं.

आधी घड्याळ लावा

मोबाइलवर स्टॉपवॉच काढा, कागद-पेन घ्या आणि तीन वेगवेगळे टप्पे मोजून प्रत्येकाची वेळ नोंदवा.

पहिली वेळ: बटण दाबल्यापासून विंडोजचे ठिपके गोल फिरायला लागेपर्यंत. दुसरी: ठिपक्यांपासून पासवर्डच्या पडद्यापर्यंत. तिसरी: पासवर्ड टाकल्यापासून कॉम्प्युटर खरोखर हाताशी येईपर्यंत. डेस्कटॉपवरची चित्रं दिसली म्हणजे कॉम्प्युटर तयार झाला असं नाही. तिसरी वेळ मोजताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'डिस्क'चा रकाना १००% वरून खाली येऊन स्थिरावला की घड्याळ थांबवा.

काकांच्या कॉम्प्युटरची पहिली वेळ १४ सेकंद, दुसरी २ मिनिटं १० सेकंद आणि तिसरी ४ मिनिटं ५ सेकंद आली. म्हणजे एकूण साडेसहा मिनिटं, आणि त्यातली चार पासवर्ड टाकल्यानंतरची.

पहिली वेळच जास्त असेल, समजा ४० सेकंदांच्या वर, तर विंडोजला दोष देऊ नका, ते अजून सुरूच झालेलं नसतं. पेन ड्राइव्ह, एक्स्टर्नल डिस्क, प्रिंटर सगळं काढून पुन्हा मोजा. तारीख-वेळ रोज चुकत असेल तर मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य पाटीवरचा) बटणासारखा सेल संपलाय. तो सीआर२०३२ नंबरचा असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो बदलण्याआधी बायॉसच्या (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंगचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा. सेल काढल्यावर सेटिंग मूळपदावर जातात आणि साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, मोड बदलला तर चांगलं चालणारं विंडोज सुरूच होत नाही. बायॉसमध्ये पेन ड्राइव्ह किंवा नेटवर्कवरून सुरू होण्याचा पर्याय वरच्या नंबरावर असेल तर तो खाली ढकला.

दुसरी वेळ जास्त असेल तर संशय ड्रायव्हर (प्रिंटर, ग्राफिक्स असे भाग चालवणारा प्रोग्राम), सर्व्हिस (पडद्याआड चालणारा प्रोग्राम) किंवा डिस्कवर घ्यायचा. तिसरी जास्त असेल तर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम, रॅम आणि पुन्हा डिस्कवर.

आणखी खोलात जायचं असेल तर विंडोज स्वतःच ही वही ठेवत असतं. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा. त्यात 'अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज', मग 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज', 'डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स' आणि शेवटी 'ऑपरेशनल' असं आत आत जा. १०० नंबरच्या नोंदीत सुरू व्हायला लागलेला वेळ मिलिसेकंदांत दिसतो. १०१ नंबरची नोंद रेंगाळलेल्या प्रोग्रामची, १०२ ड्रायव्हरची, १०३ सर्व्हिसची, आणि त्यात नावही दिलेलं असतं. काकांकडे एका जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रामचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं. तो प्रिंटर दोन वर्षांपूर्वीच भंगारात गेला होता.

कशालाही हात लावण्याआधी बॅकअप

हे मी जीव तोडून सांगतो, कारण याची किंमत आम्ही मोजलेली आहे. दादरला माझ्या मावशीचा लॅपटॉप असाच हळू झाला होता. आतून मधूनच टक्-टक् असा बारीक आवाज यायचा. मी उत्साहानं डिस्कची पूर्ण तपासणी लावली, खराब जागा शोधून दुरुस्त करणारी. रात्रभर ती चालली आणि सकाळी डिस्क दिसेनाशी झाली. मावशीच्या नातवाचे पहिल्या दोन वर्षांचे फोटो त्यात होते. मरायला टेकलेल्या डिस्कला कानाकोपऱ्यातून वाचायला लावणं म्हणजे धाप लागलेल्या माणसाला जिना चढायला लावणं. आवाज येत असेल तर तपासणी नको, आधी सगळ्यात मोलाच्या फाइली कॉपी करा.

बॅकअप म्हणजे काय, याबाबत दोन गैरसमज घरोघरी आढळतात. पहिला, 'डी ड्राइव्हवर कॉपी ठेवली आहे.' बहुतेक कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात, डिस्क गेली की दोन्ही जातात. दुसरा, 'महत्त्वाचं सगळं डेस्कटॉपवर आहे, सी ड्राइव्हवर काही नाही.' डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स ही तिन्ही सी ड्राइव्हवरच असतात, आणि फॉरमॅट मारताना आधी तीच पुसली जातात.

मोलाच्या फाइलीच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या पत्त्यावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत कॉम्प्युटर आणि त्याशेजारच्या कपाटातली बॅकअपची डिस्क एकाच पाण्यात असणार. काकांची दुसरी डिस्क आता ठाण्याला माझ्या चुलतबहिणीकडे असते आणि दर दोन महिन्यांनी अदलाबदल होते.

डिस्कची तब्येत कशी बघायची

प्रत्येक डिस्क स्वतःच्या दुखण्याची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. ती वाचायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम पुरतो. उघडल्यावर वरच्या कोपऱ्यात निळ्या रंगात 'गुड', पिवळ्यात 'कॉशन' किंवा लाल रंगात 'बॅड' दिसेल. निळा रंग बघून लगेच निर्धास्त होऊ नका, खालच्या तक्त्यातल्या चार ओळी वाचा.

०५ ही ओळ खराब होऊन बदललेल्या जागांची. सी५ म्हणजे वाचता येत नसलेल्या, निकाल लागायच्या राहिलेल्या जागा. सी६ म्हणजे दुरुस्त न होणाऱ्या. या तिन्हींच्या शेवटच्या रकान्यात शून्य असलं पाहिजे. सी५ चा आकडा शून्य नसेल आणि आठवड्याभरात वाढला, तर त्या डिस्कवर यापुढे काहीही विसंबून ठेवू नका. चौथी ओळ सी७. हा आकडा वाढत असेल तर बऱ्याचदा डिस्क ठणठणीत असते आणि दोष केबलचा असतो. दोनशे रुपयांच्या आत काम होतं आणि माणूस उगाच नवी डिस्क घेऊन येतो.

आकडे नीट असतील तरच पुढची तपासणी. 'धिस पीसी'मध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'टूल्स' आणि 'चेक'. ही तपासणी विंडोज चालू असतानाच होते. अचानक वीज गेल्यानं फाइलींच्या नोंदीत झालेले घोळ यात सापडतात. विंडोजच्याच फाइली बिघडल्याचा संशय असेल तर 'कमांड प्रॉम्प्ट' अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि एस, एफ, सी ही अक्षरं, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला लागून 'स्कॅननाऊ' असं इंग्रजीत टाइप करा. पाच-पंधरा मिनिटं लागतात.

आपोआप सुरू होणारे प्रोग्राम

टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप अ‍ॅप्स' उघडा. काकांकडे २३ नावं होती. मीटिंगचे दोन प्रोग्राम, गाण्यांचा एक, पीडीएफचा अपडेटर, मेलेल्या प्रिंटरची शाई मोजणारा, मोबाइल जोडायचा, आणि दोन अँटीव्हायरस. दोन अँटीव्हायरस हा मुंबईतल्या कॉम्प्युटरचा जुना आजार. एक लॅपटॉपबरोबर फुकट आलेला आणि मुदत संपलेला, दुसरा दुकानदारानं टाकून दिलेला. दोघंही प्रत्येक फाइल उघडताना तपासतात आणि एकमेकांच्या पायात पाय घालतात. एक ठेवा, दुसरा नुसता बंद न करता पूर्ण काढून टाका. काहीच विकत घ्यायचं नसेल तर विंडोजमधला डिफेंडर घरच्या वापराला पुरेसा आहे.

बाकीच्यांवर राइट क्लिक करून 'डिसेबल' म्हणा. यानं प्रोग्राम उडत नाही, फक्त स्वतःहून सुरू होत नाही, तेव्हा भिऊ नका. आवाज, टचपॅड, ग्राफिक्स आणि अँटीव्हायरस यांना मात्र हात लावू नका. काकांसारखं काम असेल तर डिजिटल सहीच्या टोकनचा (पेन ड्राइव्हसारख्या साधनाचा) प्रोग्रामही राहू द्या, नाहीतर ऐन मुदतीच्या दिवशी सही होईना म्हणून धावाधाव होते. मराठी टायपिंगसाठी वेगळा प्रोग्राम सुरू होत असेल तर तो खरंच लागतो का ते बघा. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे.

२३ चे ७ झाले. तिसरी वेळ ४ मिनिटं ५ सेकंदांवरून २ मिनिटं ४० सेकंदांवर आली, एक रुपया खर्च न करता.

इथेच काही ऐकीव उपायांबद्दल सांगून टाकतो. 'एमएसकॉन्फिग'मध्ये जाऊन प्रोसेसरचा आकडा वाढवा, असा सल्ला सगळीकडे फिरतो. ती सेटिंग प्रोसेसर कमी करून चाचणी घेण्यासाठी आहे. विंडोज एरवी सगळे प्रोसेसर वापरतंच. 'प्रीफेच' फोल्डर रिकामं करू नका, कारण लवकर सुरू होण्यासाठी विंडोजनं केलेली टिपणंच त्यात असतात. आणि रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, साफ करणारे प्रोग्राम मी कुणाच्याही कॉम्प्युटरवर ठेवत नाही. त्यांनी वेग वाढलेला मी पाहिलेला नाही, विंडोज बिघडलेलं पाहिलंय.

शटडाउन केलं तरी कॉम्प्युटर पूर्ण बंद होत नाही

काका रोज रात्री शटडाउन करत होते. तरी टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स'मध्ये 'सीपीयू'खाली 'अप टाइम' दिसत होता १९ दिवस. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलंय. शटडाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर साठवून ठेवतं आणि सकाळी तोच परत उचलतं. त्यामुळे १९ दिवसांपूर्वी अडकलेला ड्रायव्हर तसाच अडकलेला राहतो. 'रीस्टार्ट' मात्र खरंच सगळं नव्यानं सुरू करतं. जुनी हार्ड डिस्क असेल तर फास्ट स्टार्टअप राहू द्या आणि आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा. एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी नवी डिस्क) असेल तर 'कंट्रोल पॅनल'मधल्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जाऊन ते बंद केलंत तरी फारसा फरक पडणार नाही.

डिस्क १००%, वेग मात्र १-२ एमबी

हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १००% गुंतलेली आणि वाचन जेमतेम एक-दोन एमबी. डिस्क इतकी दमलीय, मग काम का दिसत नाही?

नेहमीच्या हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२०. एक फेरी सुमारे ८ मिलिसेकंदांची. हवा तो तुकडा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धी फेरी, ४ मिलिसेकंद. त्याआधी ते टोक योग्य वर्तुळावर न्यायला आणखी ८-१० मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला जेमतेम ७०-८० तुकडे. एक मोठा सिनेमा सलग वाचायचा असेल तर हीच डिस्क १०० एमबीच्या वर वेग देते. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक बारीक फाइली इकडून तिकडून गोळा करतं, आणि बहुतेक वेळ त्या टोकाच्या येरझाऱ्यांत जातो. लॅपटॉपमधली डिस्क बहुधा ५४०० फेऱ्यांची, ती आणखी मागे. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यानं ती असे हजारो तुकडे सेकंदात उचलते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: विंडोज ११ आणि हार्ड डिस्क ही जोडी ठेवू नये. प्रोसेसर जुना असला तरी चालेल, पण सी ड्राइव्ह एसएसडीवर हवा. त्याआधी 'मेमरी'वर एक नजर टाका. ४ जीबी रॅम असेल आणि सगळी भरलेली असेल तर विंडोज उरलेलं सामान डिस्कवर टाकतं आणि पुन्हा तीच रखडपट्टी. 'स्लॉट्स यूज्ड' १ ऑफ २ असेल तर दुसरी पट्टी घालून ८ जीबी करा, मात्र रॅमचा प्रकार डीडीआर३ की डीडीआर४ ते आधी बघून.

एसएसडी घेणं आणि बसवणं

आम्ही ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. घरून निघतानाच ठरवून जा. जुन्या डेस्कटॉप-लॅपटॉपला अडीच इंची साटा एसएसडी चालते. छोट्या पट्टीसारख्या एम.२ मध्ये साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असतात आणि ते नेहमीच एकमेकांच्या जागी चालत नाहीत, म्हणून मदरबोर्डचं मॉडेल कागदावर लिहून न्या. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, वॉरंटीला तेच लागतं. घरी आल्यावर पहिलं काम, एसएसडी जोडून क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 'पॉवर ऑन अवर्स' बघा. नव्या डिस्कचे तास शून्याच्या आसपास असतात. तिथे ४००० दिसले तर ती कुणाच्या तरी कॉम्प्युटरमधून काढलेली आहे, तशीच परत न्या.

जुन्याची हुबेहूब नक्कल करायची की नव्यानं विंडोज टाकायचं? नक्कल करणारा क्लोनझिला हा प्रोग्राम फुकट आहे, पण त्याला साधारणपणे नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते. काकांची जुनी १ टीबीची, नवी ५०० जीबीची. शिवाय सात वर्षांचा पसारा नव्या घरात कशाला न्यायचा? म्हणून नव्यानंच टाकलं. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं विंडोज घ्या. लायसन्सची काळजी नको, डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं. आधीचं विंडोज होम असेल तर होम आणि प्रो असेल तर प्रोच टाका.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा बिटलॉकर (डिस्कवरच्या मजकुराला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर आधी त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून कागदावर घ्या, नाहीतर जुन्या डिस्कवरचा मजकूर तुम्हालाही उघडणार नाही. आणि विंडोज टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. ती जोडलेली राहिली तर सुरू होण्याचा छोटा भाग बऱ्याचदा जुन्या डिस्कवरच राहतो आणि पुढे ती काढली की नवी एसएसडी असूनही कॉम्प्युटर सुरूच होत नाही.

विंडोज टाकलं, टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटर, कराचा प्रोग्राम बसवला, जुन्या डिस्कवरून फाइली आणल्या. ८ जीबी रॅम आणि एसएसडी. तिन्ही वेळा मिळून ३६ सेकंद. काका म्हणाले, "आता देवपूजा आधी आणि बटण नंतर."

पुढची देखभाल

एसएसडीला डीफ्रॅगची, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावण्याची, गरज नसते. 'डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' उघडून आठवड्याचं वेळापत्रक चालू आहे एवढंच बघा. एसएसडी ओळखून विंडोज तिथे ट्रिम चालवतं, म्हणजे पुसलेल्या जागा मोकळ्या झाल्याचं डिस्कला कळवतं. १५ ते २० टक्के जागा कायम रिकामी ठेवा. 'स्टोरेज सेन्स' चालू केलं की तात्पुरत्या फाइली आपोआप जातात, पण त्यातला 'डाउनलोड्स' साफ करायचा पर्याय बंद ठेवा. लिहून लिहून एसएसडी झिजते हे खरं, पण ५०० जीबीच्या बऱ्याच एसएसडींवर ३०० टीबी लिहिण्याची हमी असते. रोज २० जीबी लिहिलं तरी वर्षाला ७.३ टीबी होतात. हिशोब करून बघा.

हार्ड डिस्क बॅकअपला वापरा. चालू असताना ती हलवू नका, 'सेफली रिमूव्ह' केल्याशिवाय उपटू नका. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि महिन्यातून एकदा जोडून अर्धा तास चालवा. सीपीयूचा डबा जमिनीवरून उचलून टेबलावर घ्या. आपल्या दमट, खारट हवेत रॅमच्या पट्टीचे पिवळे दात काळवंडतात आणि मशीन मधूनच सुरू होत नाही. प्लग काढून, बटण एकदा दाबून उरलेली वीज घालवा, मग पट्टी काढून साध्या खोडरबरनं ते दात पुसा. पंख्यावरची धूळ ब्रशनं काढताना पातं बोटानं धरून ठेवा. डेस्कटॉपला छोटा यूपीएस लावा.

जुनी डिस्क महिनाभर तशीच ठेवा, काहीतरी राहिलेलं आठवतंच. काकांना तिसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या मीटिंगचे ठराव आठवले. नंतर ती भंगारवाल्याला देण्याआधी जोडून पूर्ण फॉरमॅट करा, 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून. तेव्हाच तिच्यावर शून्यं लिहिली जातात आणि जुना मजकूर खरोखर पुसला जातो. काकांच्या डिस्कला रात्रभरापैकी तीन तास लागले. तिच्यावर शंभरएक माणसांचे पॅन नंबर आणि बँकेचे तपशील होते.